प्रस्तावना : अर्ध्या मिलिमीटरहून लहान

थायलंडच्या पश्चिमेला, म्यानमारच्या सीमेला लागून, केंग क्राचान हे त्या देशातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. तिथल्या रानात कीटकांच्या सर्वेक्षणासाठी लावलेल्या एका सापळ्यात, इतर असंख्य किड्यांबरोबर, एक माशी सापडली. तिची लांबी ०.४० मिलिमीटर, म्हणजे मिठाच्या एका कणाएवढी. लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील माशीतज्ज्ञ ब्रायन ब्राउन यांनी २०१२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला ‘युरिप्लाटिया नानकनिहाली’ असे नाव दिले. तोवर माहीत असलेल्या सगळ्या माश्यांमध्ये ती सर्वांत लहान ठरली. वर्णनाच्या वेळी हाताशी एकच नमुना होता, एका मादीचा.

एका मृत मादीवरून किती सांगता येते? ब्राउन यांनी पुष्कळ सांगितले. तिचे शरीर वरून-खालून चपटे आहे, मादीला अंडी घालण्याचा अवयव आहे, आणि तिच्या वंशातली तोवर ज्ञात असलेली दुसरी एकमेव प्रजाती आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीची. १९४१ मध्ये वर्णन झालेली ती आफ्रिकी प्रजाती क्रेमॅटोगॅस्टर वंशाच्या मुंग्यांवर परजीवी म्हणून जगते. तेव्हा थायलंडची ही माशीदेखील लहान मुंग्यांच्या शरीरात अंडी घालत असावी, असा तर्क त्यांनी मांडला. तिच्या नातेवाईक माश्यांच्या अळ्या मुंगीच्या डोक्यात शिरून आतला भाग खातात आणि शेवटी मुंगीचे डोके गळून पडते. मुंगी फारच लहान असेल तर अशा शत्रूपासून ती सुरक्षित असते, ही समजूत या माशीमुळे डळमळीत झाली. मात्र प्रत्यक्ष पाहिलेले काय आणि तर्काने काढलेले काय, याची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. मोजलेले माप माप म्हणून मांडले, अनुमान अनुमान म्हणून.

सर्वांत लहान असण्याचा मान फार दिवस टिकला नाही. ब्राउन यांनीच २०१८ मध्ये ब्राझीलच्या अॅमेझॉन खोऱ्यातून ०.३९५ मिलिमीटर लांबीच्या माशीचे वर्णन केले. पण २०१२ चे वर्णन त्यामुळे जुने झाले नाही. उद्या कुणाला त्या रानात तशीच दुसरी माशी, कदाचित नर, कदाचित मुंगीच्या वारुळाशी घिरट्या घालताना मिळाली, तर ते वर्णन उघडून ‘हीच ती’ किंवा ‘ही ती नव्हे’ असे ठामपणे सांगता येईल. वर्णनाची खरी किंमत तिथे आहे. जंगलातली एखादी लहान माशी शास्त्राला नवी आहे हे कसे ठरवायचे, तिचे वर्णन कसे लिहायचे आणि ते का लिहायचे, हे मराठी वाचकांना सांगावे म्हणून हे पुस्तक लिहिले आहे.

माशी म्हटले की आपल्या मनात घाण येते, रोगराई येते. हा ग्रह आधी दूर सारायला हवा. डास, चिलटे, गोमाश्या, फुलांवर स्थिर तरंगणाऱ्या पुष्पमाश्या, पिकलेल्या केळ्याभोवती जमणाऱ्या फळमाश्या, हे सगळे द्विपंखी कीटकांच्या एकाच गणातले. इतर कीटकांना सहसा पंखांच्या दोन जोड्या असतात. यांच्यात मागच्या जोडीचे रूपांतर संतोलकांत झाले आहे, म्हणजे टोकाला गोळा असलेल्या दोन छोट्या दांड्यांत. उडताना ते वेगाने थरथरतात आणि शरीर कोणत्या बाजूला कलते आहे याची जाणीव माशीला देतात. या गणाच्या जगभरात सुमारे १ लाख ६० हजार प्रजातींना आजवर नावे मिळाली आहेत. भारतातून नोंदलेल्या प्रजाती सहा हजारांच्या थोड्या पुढे आहेत. आपल्या देशातली जंगले, त्यांचे प्रकार आणि त्यांचा विस्तार पाहता हा आकडा फार तोकडा आहे.

तो किती तोकडा असावा, याचा अंदाज मध्य अमेरिकेतल्या एका कामावरून येतो. कोस्टा रिकातील झुर्की येथे मेघवनाच्या अवघ्या चार हेक्टरांच्या तुकड्यात एक वर्षभर सापळे लावून फक्त माश्यांची मोजदाद करण्यात आली. निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी आपापली कुळे वाटून घेतली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर केला: ७३ कुळांतल्या ४,३३२ प्रजाती. साधारण दहा एकरांत हे भरले. त्यातल्या बहुसंख्य प्रजातींना नावच नव्हते. आणि हे फक्त रानातच घडते असेही नाही. लॉस एंजेलिस शहरातल्या घरांच्या परसांत सापळे लावल्यावर मेगासेलिया या एकाच वंशाच्या ३० नव्या प्रजाती सापडल्या. २०१५ मध्ये त्यांचे एकत्रित वर्णन प्रसिद्ध झाले. महानगराच्या मधोमध राहणाऱ्या माणसांच्या अंगणात तीस अनाम प्रजाती असतील, तर कोयनेच्या, चांदोलीच्या, तिळारीच्या किंवा म्हादईच्या रानात काय असेल, याचा विचार वाचकाने करावा.

लहान माश्या इतकी शतके अनाम राहिल्या, याची कारणे साधी आहेत. फुलपाखरू दिसते, पक्षी गातो, वाघाचा ठसा उमटतो. दोन मिलिमीटरची माशी सडक्या पानांखाली, अळंबीत, झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात, ओढ्याच्या ओल्या दगडावर जन्मते आणि थोड्या दिवसांत मरते. ती जाळ्यात पकडणे अवघड, पकडली तर टाचणीला टोचणे त्याहून अवघड. यातला पहिला अडथळा दूर केला तो स्वीडिश कीटकतज्ज्ञ रेने मलेझ यांनी. १९३३ ते १९३५ या काळात ते ब्रह्मदेशात संग्रहाला गेले होते. तंबूत शिरलेले किडे कापडावरून वर वर चढतात आणि सर्वांत उंच कोपऱ्यात गोळा होतात, हे त्यांनी पाहिले होते. मग त्यांनी जाळीच्या कापडाचा असा तंबू रचला, ज्याच्या उंच टोकाला बाटली असेल. १९३७ मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. आज जगभर मलेझ सापळा म्हणून ओळखले जाणारे साधन ते हेच. उडणारा किडा मधल्या पडद्याला अडतो, उजेडाकडे वर चढतो आणि मद्यार्काच्या बाटलीत पडतो. झुर्कीची मोजदाद झाली ती मुख्यतः याच साधनाच्या जोरावर.

सापळा लावणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. खरे काम बाटली उघडल्यावर सुरू होते, म्हणून या पुस्तकाचा मोठा हिस्सा त्यालाच दिला आहे. बाटलीतला ऐवज पांढऱ्या थाळीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली आधी गणांत, मग कुळांत वेगळा करायचा. कुळ ठरवताना पहिली साक्ष पंखाची. पंखातल्या शिरा कुठे फुटतात, कुठे मिळतात, कुठली शीर कडेपर्यंत पोचते आणि कुठली मध्येच विरते, यावरून अनुभवी माणूस क्षणात कुळ सांगतो. केंग क्राचानची माशी ज्या कुळातली आहे त्या फोरिडी कुळाची खूण अशीच सहज लक्षात राहणारी आहे: पाठीला कुबड, मागच्या तंगड्या दणकट, पंखाच्या पुढच्या कडेला दोन-तीन जाड शिरा आणि त्यांच्या मागे अगदी पुसट, जवळजवळ समांतर रेषा.

त्यानंतर येतात दृढरोम, म्हणजे अंगावरचे राठ केस. माशीच्या डोक्यावर, छातीवर, तंगड्यांवर ते ठरावीक जागी उगवतात, त्यांची संख्या ठरलेली असते आणि त्यांचा कलही ठरलेला असतो. एकोणिसाव्या शतकात रशियन मुत्सद्दी आणि माशीतज्ज्ञ ऑस्टेन-साकेन यांनी या केसांच्या मांडणीचे शास्त्रच उभे केले, आणि आजही वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदात कपाळावरच्या केसांच्या जोड्या मोजलेल्या आढळतात. शेवटची आणि बहुतेक वेळा निर्णायक साक्ष नराच्या जननेंद्रियांची. बाहेरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजातींचे नर इथे वेगळे निघतात. त्यासाठी उदराचे टोक सोडवून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवायचे, स्नायू आणि चरबी विरघळली की उरलेला पारदर्शक सांगाडा काचपट्टीवर मांडायचा आणि सर्व बाजूंनी चित्रे काढायची. छायाचित्र आज सहज मिळते, पण चित्र काढताना डोळा जे पाहायला शिकतो ते छायाचित्र शिकवत नाही. म्हणून या पुस्तकात रेखाटनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि विद्यार्थ्याने ते गाळू नये.

इतके झाल्यावरही माशी नवी आहे असे म्हणता येत नाही. आधी सिद्ध करावे लागते की ती जुनी नाही. त्यासाठी त्या वंशाच्या ज्ञात प्रजातींची सगळी वर्णने वाचायची, मग ती लॅटिनमध्ये असोत, जर्मनमध्ये असोत वा इंग्रजीत, आणि जिथे शब्द अपुरे पडतात तिथे संग्रहालयात जाऊन मूळ नमुना पाहायचा. भारतातल्या माश्यांसाठी हा मार्ग बहुधा कोलकात्याला जातो. तिथे एन्रिको ब्रुनेट्टी नावाचा संगीतकार राहत होता, आणि त्याने भारतीय उपखंडातल्या शेकडो माश्यांची वर्णने केली. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेतले त्याचे खंड १९१२ पासून निघू लागले. त्याची काही वर्णने चार-पाच ओळींची आहेत, आणि केवळ त्या ओळींवरून आज प्रजाती ओळखणे अशक्य होते. पण त्याने ज्यावरून लिहिले ते नमुने जपलेले आहेत, म्हणून त्याच्या कामाची फेरतपासणी होऊ शकते. शंभर वर्षांनंतर एखादा विद्यार्थी त्या टाचणीखालची चिठ्ठी वाचतो आणि अपुरे राहिलेले वाक्य पूर्ण करतो.

नियमांची चौकट यासाठीच आहे. प्राण्यांच्या नावांची गणना लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून होते. त्यानंतर दिलेल्या नावांत जे आधीचे ते ग्राह्य. नवी प्रजाती जाहीर करताना एक नमुना होलोटाइप म्हणून निवडावा लागतो आणि तो कुठे ठेवला आहे हे सांगावे लागते. तो नमुना त्या नावाचा कायमचा आधार असतो. वर्णनात चूक झाली, भाषा बदलली, वंशाची व्याख्या बदलली तरी नाव त्या नमुन्याला बांधलेले राहते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला केवळ छायाचित्रांच्या आधारे नाव देण्यात आले, कारण जपून ठेवलेला नमुनाच नव्हता. त्यावरून जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांत मोठा वाद झाला. नियमांच्या शब्दांत ते बसते, असे लेखकांचे म्हणणे होते. माझे मत विरुद्ध बाजूला आहे. छायाचित्रात जे टिपले गेले नाही ते पुन्हा कधीच पाहता येत नाही. नमुना असेल तर पुढच्या पिढीला आपण विचारलेच नव्हते असे प्रश्नही त्याला विचारता येतात.

डीएनएबद्दलही हेच म्हणावे लागेल. २००३ पासून डीएनए बारकोड ही पद्धत रुजली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधील एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून नमुने गटांत पाडता येतात. मादी आणि नर एकाच प्रजातीचे आहेत का, अळी कोणत्या माशीची, हे प्रश्न यामुळे आवाक्यात आले. त्याचा उपयोग जरूर करावा, आणि तो कसा करावा हे या पुस्तकात सांगितले आहे. पण कोस्टा रिकातल्या परजीवी गांधीलमाश्यांच्या चारशेहून अधिक प्रजातींना २०२१ मध्ये मुख्यतः बारकोड आणि छायाचित्र यांच्या जोरावर नावे देण्यात आली, तेव्हा अनेकांना वाटलेली काळजी मलाही वाटते. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाकडे सूक्ष्मदर्शक असतो, जनुक वाचण्याचे यंत्र नसते. त्याला जे वर्णन वापरता येत नाही ते वर्णन अर्धेच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये. भारताच्या वनक्षेत्रातल्या डोंगरी भागात हिवताप पसरवणारा एक डास आहे, अॅनोफिलीस फ्लुव्हिअॅटिलिस. दीर्घकाळ तो एकच समजला गेला. नंतर गुणसूत्रांच्या अभ्यासातून कळले की या नावाखाली दिसायला सारख्या असलेल्या निदान तीन प्रजाती आहेत. त्यातली एक माणसाचे रक्त पिते आणि हिवताप जोरात पसरवते, बाकीच्या दोन मुख्यतः गुरांवर जगतात. जिथे गुरांवर जगणारी प्रजाती आहे तिथे फवारणी करून पैसा आणि विष दोन्ही वाया जाते. जिथे दुसरी आहे तिथे दुर्लक्ष केले तर माणसे मरतात. प्रजाती ओळखणे हा इथे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. कोकोच्या फुलाचे परागण फोर्सिपोमायिया वंशाची लहान चिलटे करतात. ती जमिनीवरच्या कुजत्या पाल्यात वाढतात. बागायतदाराने बाग झाडून लख्ख केली तर फळधारणा घटते, आणि हे कळायला आधी ते चिलट ओळखावे लागते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जर्मनीतल्या क्रेफेल्ड येथील हौशी कीटक-अभ्यासकांनी ६३ संरक्षित ठिकाणी २७ वर्षे मलेझ सापळे लावून मिळालेल्या किड्यांचे वजन केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ते वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे दिसले. साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. पण वजन फक्त एवढेच सांगते की काहीतरी गेले. काय गेले, कोण आधी गेले, कोण टिकून आहे, हे प्रजाती ओळखल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याकडे तर ते वजनही कुणी असे सलग केलेले नाही.

तिसरे कारण आपल्या घरचे आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या पाण्यात राहणाऱ्या एका लहान माशाचे २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने वर्णन झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ते ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. तो मासा त्या पाण्यात आधीही होता आणि भाविकही तिथे आधीपासून येत होते. नाव मिळाल्यावर कायद्याला त्या जागेसाठी उभे राहता आले. अनाम जीवाच्या बाजूने अर्ज करता येत नाही. सह्याद्रीत अशा अनेक जागा आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला आणि त्यांच्या वनस्पतींकडे सर्वांचे लक्ष वेधले. त्याच देवरायांतल्या पालापाचोळ्यात, उंबराच्या पडलेल्या फळांत आणि ढोलीतल्या पाण्यात वाढणाऱ्या माश्यांची यादी अजून तयार व्हायची आहे. झाड तोडले तर दिसते. त्या झाडाच्या ढोलीबरोबर कोण संपले ते दिसत नाही.

या पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात माशीची रचना आणि कुळांची ओळख, दुसऱ्यात संग्रहापासून रेखाटनापर्यंतची सगळी पद्धत, आणि तिसऱ्यात वर्णन लिहिण्याची शिस्त, नामकरणाचे नियम आणि कायदा. कायद्याचे प्रकरण शेवटी असले तरी ते आधी वाचावे. राखीव जंगलात वनखात्याच्या आणि अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय सापळा लावू नये. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवणे आणि तिचे नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी असे संग्रहालय म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. देवराईत जायचे तर गावाची संमती घ्यावी आणि जे सापडले ते गावाला येऊन सांगावे. जीव मारून संग्रह करणे हे हलक्या मनाने करण्याचे काम नव्हे. गरजेपुरतेच घ्यावे, आणि घेतलेला एकही नमुना चिठ्ठीवाचून वाया जाऊ देऊ नये.

प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, शाळेतला विज्ञानशिक्षक, वनरक्षक, रानाच्या कडेला राहणारा शेतकरी, यांपैकी कुणीही हे काम सुरू करू शकतो. ब्रुनेट्टी संगीतकार होता, क्रेफेल्डची मंडळी हौशी होती. जगातल्या माश्यांचे मोठे तज्ज्ञ आज थोडे आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचणारे नीट जपलेले, नीट लिहिलेले नमुने त्याहून थोडे. म्हणून वाचकाला एवढेच आवर्जून सांगणे आहे: प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अधिवास आणि संग्राहकाचे नाव पेन्सिलीने किंवा मद्यार्कात न विरघळणाऱ्या शाईने लिहा. तुम्ही आज वर्णन लिहिले नाही तरी चालेल. ती चिठ्ठी असेल तर उद्या कुणीतरी ते लिहू शकेल.